टायरची घूं-घूं कशी थांबली
गाडी ताशी साठच्या पुढे गेली की मागून घूं-घूं यायची. वेगाबरोबर वाढायची, पण वळणावर बदलत नव्हती, म्हणजे चाकाचं बेअरिंग नव्हे. बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) केलं, हवा कमी करून पाहिली, डोकं उठलं. शेवटी तळहात टायरवर पुढे-मागे फिरवला: एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखे दात. आवाज या असमान झिजेचाच.

आधी मागच्या सस्पेन्शनचे झिजलेले बुश (सांध्यातले रबर) बदलले, नाहीतर नवे टायरही तसेच झिजतात. मग त्याच मापाचे, कमी आवाजासाठी बारीक-असमान ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर घेतले. टायरभर गोल फिरणाऱ्या उभ्या खाचा मात्र पाणी निघायला रुंदच हव्यात. कोकणातल्या पावसात तिथे पैसे वाचवू नका. कडेचा चार आकडी कोड वाचा: २२२५ म्हणजे टायर बनला २०२५च्या २२व्या आठवड्यात. बसवून बॅलन्सिंग, नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन सरळ करणं), मग थंड टायरमध्ये दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे हवा. दोनच घेतले तर मागेच बसवा.