सावद्याचे बिबडे गूगलवर कसे दिसतील? छोट्या धंद्याची वेबसाइट गिऱ्हाइकांपर्यंत नेण्याची रीत

वेबसाइट तयार झाली की मालक पहिले दोन दिवस ती घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर उघडून दाखवतो. महिनाभराने मला फोन येतो, "भाऊ, साइट चालत नाही." साइट चालत असते. तिच्याकडे कुणी फिरकत नसतं, एवढंच.

जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या लहान धंद्यांच्या वेबसाइटची कामं मी करतो: केळीचे वेफर्स, मसाले, पापड. इथे उदाहरण घेतो ते सावद्याच्या एका वहिनींचं. त्या ज्वारीचे बिबडे, म्हणजे खानदेशातले ज्वारीचे पापड, करतात आणि पुण्या-मुंबईपर्यंत कुरिअरने पाठवतात. त्यांच्या साइटसाठी जे केलं, ते त्याच क्रमाने सांगतो. यात पैसा फारसा लागला नाही. वेळ लागला, आणि वहिनींच्या शिव्याही थोड्या खाल्ल्या.

आधी बघा, गूगलला तुम्ही माहीत आहात का

गूगलच्या शोधचौकटीत रोमन अक्षरांत 'साइट' लिहा, लगेच अपूर्णविराम द्या आणि मध्ये जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाका. तुमची पानं दिसली तर ठीक. काहीच आलं नाही तर बहुधा गूगलने साइट अजून आपल्या यादीत घेतलेली नाही, मग बाकी सगळी मेहनत पाण्यात.

यावर उपाय म्हणजे गूगल सर्च कन्सोल, साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन. ते फुकट आहे. साइट तुमचीच आहे हे सिद्ध करायला एक कोड बसवावा लागतो, मग साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी, तिथे जमा करायची. एखादं पान यादीत का आलं नाही, याचं कारणही तिथेच कळतं.

वहिनींच्या बाबतीत कारण मी होतो. वर्डप्रेसच्या (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये 'सर्च इंजिनांनी ही साइट यादीत घेऊ नये' अशा अर्थाची एक चौकट असते. काम अर्धवट असताना मी तिथे खूण केली आणि नंतर काढायला विसरलो. चार महिने दुकान उघडं आणि शटर खाली! साइट चालू झाल्यावर मी आता ती चौकट सगळ्यात आधी बघतो.

अक्षरं खरी अक्षरं आहेत ना?

मराठी साइटींचा हा जुना रोग. दरपत्रक छापखान्यातून करून घेतलेलं असतं, त्याचाच फोटो साइटवर चढवतात. माणसाला ते वाचता येतं, पण फोटोतल्या मजकुराच्या भरवशावर गूगल तुम्हाला शोधून दाखवेल अशी आशा ठेवू नका. दुसरी गोष्ट जुन्या फाँटची. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी पडद्यावर मराठी दिसते, आत मात्र रोमन अक्षरांची खिचडी असते. तपासणी सोपी आहे: आपल्या पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. ती जशीच्या तशी वाचता आली तर पास. नाही तर मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्या.

फोनशेजारची वही

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि त्याला कॉम्प्युटर लागत नाही. पंधरा दिवस फोनशेजारी वही ठेवा. गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. तुमच्या शुद्ध भाषेत नको.

वहिनींच्या वहीत हे सापडलं: "बिबड्या आहेत का?" (त्या स्वतः बिबडे म्हणतात.) "लसणाचे नकोत, बिनलसणाचे मिळतील?" "किलोत किती बसतात?" "पुण्याला किती दिवसांत येतील?" "मागच्या वेळचे तळल्यावर चिवट राहिले, असं का?"

ही वही म्हणजे तुमच्या वेबसाइटचा आराखडा. लोक फोनवर जे विचारतात तेच गूगललाही विचारतात. आम्ही 'आमच्याविषयी' नावाचं लांबलचक पान निम्मं केलं आणि या प्रश्नांना एकेक जागा दिली. बिबडे, बिबड्या, ज्वारीचे पापड हे तिन्ही शब्द वाक्यात जिथे सहज बसले तिथे आले. बरेच जण रोमन अक्षरांत शोधतात, म्हणून उत्पादनाच्या नावाखाली एकदा रोमन स्पेलिंगही दिलं. एकदाच. तोच शब्द पन्नास वेळा कोंबला की वाचणारा कंटाळतो आणि गूगलही त्याला फसवणूक समजतं. 'कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची लपलेली यादी) भरून देतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर हात जोडा. तो टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

मग पानाचं शीर्षक, म्हणजे शोधात निळ्या अक्षरांत दिसते ती ओळ. आधी होतं: 'होम – आपले सहर्ष स्वागत आहे'. आता आहे: 'ज्वारीचे बिबडे, सावदा (जि. जळगाव) – घरपोच'. माल काय, कुठला, मिळेल कसा, हे एका नजरेत कळतं. साठेक अक्षरांत आटपा, त्यापुढचं बहुधा कापलं जातं. प्रत्येक पानाला शीर्षक वेगळं हवं.

जाता जाता केळीवाल्यांसाठी एक गोष्ट. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा उल्लेख साइटवर गिऱ्हाइकाला खेचतो, पण मानांकनाचं चिन्ह नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यानेच वापरायचं असतं. तुमची नोंदणी नसेल तर चिन्ह लावू नका.

साइट शेताच्या बांधावर उघडून बघा

ऑफिसच्या वायफायवर सगळ्याच साइटी पळतात. यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे नेटवर्कची एकच काडी येते, तिथे उघडा. वहिनींच्या पहिल्या पानावर बिबड्यांचा एक फोटो होता, मोबाइलने काढलेला, जसाच्या तसा चढवलेला, साडेचार एमबीचा. लांबी-रुंदी कमी करून तो वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात जतन केला तेव्हा दीडशे केबीच्या आत आला. डोळ्याला फरक दिसला नाही.

पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या फुकट साधनात पत्ता टाकला की साइट कुठे अडते ते कळतं. पानातला सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हे गूगलचं माप. शंभरपैकी शंभर गुणांच्या मागे लागू नका.

नकाशावर या

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची माहिती, भरा. तेही फुकट आहे. घरातून धंदा करणाऱ्या बायकांना पत्ता उघड करायचा नसतो; तिथे पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. वेळ, फोन, खरे फोटो टाका. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि दिवाळीच्या सुट्ट्याही टाका. गिऱ्हाइकाला अभिप्राय जरूर मागा, पण 'पाच स्टार द्या, पाव किलो फुकट घ्या' असं करू नका. नियमात बसत नाही, आणि अभिप्राय काढून टाकले जातात. वाईट अभिप्रायाला शांतपणे उत्तर द्या. ते उत्तर पुढचं गिऱ्हाईक वाचतं.

माणसं आणायची कुठून?

व्हॉट्सअॅप बिझनेसच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण निरोप पोचतो तो तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच. म्हणून पार्सलमधल्या चिठ्ठीवर पहिली ओळ 'हा नंबर सेव्ह करा' अशी हवी. निरोपात रोज सुप्रभात नको. माल तयार झाला, एवढं सांगायला महिन्यातून दोनदा पुरे.

इन्स्टाग्रामवर पोस्टखालच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही, ती प्रोफाइलमध्ये ठेवा. वहिनींचा चांगला चाललेला व्हिडिओ म्हणजे ओल्या कापडावर बिबडा थापणारे हात, मागे अंगणातली कोंबडी. गाणं नव्हतं, चमचमती अक्षरं नव्हती.

हंगाम ओळखा. भरिताची वांगी थंडीची, बिबडे चैत्र-वैशाखाचे. आखाजीला लेकी माहेरी येतात, परतताना पिशवीत बिबडे असतात. त्यासाठीचं पान आखाजीच्या आठवड्यात टाकून उपयोग नाही, दोन महिने आधी हवं. गूगलला ते शोधून वर आणायला वेळ लागतो. आणि दरवर्षी नवं पान करू नका, जुनंच ताजं करा.

पैसे देऊन जाहिरात शेवटी करा. रोजचा आकडा छोटा ठेवा, जिथे कुरिअर परवडतं तेवढीच शहरं निवडा. सगळा भारत निवडला तर पैसा तापीच्या पुरासारखा वाहून जातो.

आलेली माणसं थांबतात का

गूगल अॅनालिटिक्स, म्हणजे साइटवर किती जण येतात आणि काय बघतात ते मोजणारं साधन, जोडा. एखादी भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त चालली, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा तुम्ही ठरवलेली महत्त्वाची कृती झाली, तर ती 'रमलेली' भेट धरली जाते. ती कृती म्हणून व्हॉट्सअॅपचं बटण दाबणं ठरवा, कारण ऑर्डर तिथूनच येते. आकडे महिन्यातून एकदा बघा. रोज बघणारा रोज साइट बदलतो.

वहिनींच्या साइटवर सगळ्यात जास्त पाहिलं जाणारं पान पहिलं नव्हतंच. ते होतं 'बिबडे तळल्यावर चिवट का राहतात': माल सादळला असेल तर तासभर उन्हात ठेवा, तेल नीट तापू द्या. वहीतल्याच प्रश्नाचं उत्तर. लोक येत होते, वाचत होते आणि निघून जात होते, कारण त्या पानावर ऑर्डरचं बटण मी लावलंच नव्हतं.

लावायला दहा मिनिटं लागली. वहिनींनी विचारलं, "मंग इतके दिवस काय करत व्हते भाऊ तुमी?"