नोव्हेंबरमधील फ्लाय-फिशिंग: फार्मिंग्टन नदी आणि लाँग आयलंड साउंड

नोव्हेंबरमध्ये फ्लाय-फिशिंगसाठी, म्हणजे कृत्रिम माशी बांधलेल्या गळाने मासे पकडण्यासाठी, अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील फार्मिंग्टन नदीवर भल्या पहाटे पोहोचण्यात फारसा अर्थ नसतो. पाणी किंचित उबदार होणारी दुपार, त्यातही ढगाळ दुपार, हीच खरी वेळ. ही नदी धरणाच्या तळाकडून सोडलेल्या पाण्यावर वाहत असल्याने तिचे तापमान हळूहळू उतरते आणि ‘ब्लू-विंग्ड ऑलिव्ह’ हे चिमुकले मेफ्लाय कीटक उशिरापर्यंत पृष्ठभागावर येत राहतात. म्हणून कृत्रिम माशी २० ते २४ क्रमांकाच्या, म्हणजे अगदी लहान, गळावर बांधलेली असावी आणि टोकाचा धागा ६एक्स किंवा ७एक्स इतका बारीक घ्यावा. मासे वर येत नसतील, तर लहान निम्फ (पाण्याखालील कीटकाच्या पिलासारखी कृत्रिम माशी) तळालगत प्रवाहाच्या गतीने वाहू द्यावी.

याच काळात ब्राउन ट्राउट माशांची वीण चालते. गोट्यांच्या तळावर घासून स्वच्छ केल्यासारखा फिकट पट्टा दिसला, तर तेथे अंडी असण्याची शक्यता असते. त्यावरून चालू नये आणि तेथील माशांवर गळ टाकू नये, मग मासा कितीही मोठा दिसो.

लाँग आयलंड साउंड या कनेक्टिकटलगतच्या समुद्रपट्ट्याच्या किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास मासे दक्षिणेकडे निघालेले असतात. पाण्यावर सूर मारणारे पक्षी शोधावेत, बुडणारी दोरी वापरावी आणि मेनहेडन माशाच्या पिलांसारखी माशी सावकाश ओढावी, कारण थंड पाण्यातला मासा लांब पाठलाग करत नाही. काही बास कनेक्टिकटमधील थेम्स नदीतच हिवाळा काढतात. आकारमर्यादेचे नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी ते तपासावेत, आणि वेडर्सचा (पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक पोशाखाचा) कमरपट्टा घट्ट बांधावा.