वंशावळ शोधायला निघताय? या चुका टाळा

पूर्वजांचा माग काढायला निघालेल्यांच्या खिशात बहुतेक वेळा एकच चिठ्ठी असते: आडनाव आणि पणजोबांचं नाव. तेवढ्यावर पुण्याचं पुराभिलेखागार गाठायचं (सगळे त्याला अजून पेशवे दप्तरच म्हणतात) आणि विचारायचं, "आमच्या घराण्याचं काही आहे का?" समोरून प्रश्न येतो, "गाव कोणतं? परगणा कोणता?" इथेच अर्ध्या लोकांची फेरी वाया जाते.

दप्तर आडनावाने लावलेलं नसतं. पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, खात्यांप्रमाणे आणि प्रांतांप्रमाणे बांधलेले आहेत, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले गठ्ठे गावाप्रमाणे. शिवाय आडनाव हा भरवशाचा धागाच नाही. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनाची नावं. एक भाऊ गाव सोडून गेला की नव्या जागी जुन्या गावाच्या नावाने ओळखला जायचा आणि दोन पिढ्यांत तेच आडनाव व्हायचं. म्हणून निघण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला मूळ गाव, कुलदैवत आणि वतन-इनाम काय होतं ते विचारा. इनाम असेल तर नशीब थोर, कारण इनामं तपासायला इंग्रजांनी नेमलेल्या इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करायला लोकांनी कैफियती, म्हणजे लेखी जबाब, दिल्या आणि त्यांना वंशावळी जोडल्या. भाऊबंदकीच्या भांडणांनी आपल्या इतिहासाची फार मोठी सोय करून ठेवली आहे.

गाव कळलं तरी ते आजच्या जिल्ह्यात शोधू नका. सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीत होता, जालना औरंगाबादेत, लातूर 1982 पर्यंत उस्मानाबादेत. मराठवाड्यातलं गाव म्हणजे निजामाचं राज्य, म्हणजे उर्दू कागद. विदर्भासाठी नागपूरचं अभिलेखागार, करवीर संस्थानासाठी कोल्हापूरचं. कागद तयार झाला त्या वर्षी तिथे राज्य कोणाचं होतं, हे आधी ठरवा आणि मगच गाडीचं तिकीट काढा.

तहसील कचेरीत "जुने कागद दाखवा" म्हणाल तर कुणी उठणार नाही. नमुन्याचं नाव घेऊन अर्ज करा: गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूसाठी, गाव नमुना 6, म्हणजे फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंद), वारसांसाठी. शनिवारी जाऊ नका. फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस राज्य सरकारी कचेऱ्यांचा पाच दिवसांचा आठवडा झाला, तरी लोक अजून शनिवारी दारापर्यंत जाऊन परततात. कोतवाल बुकात आजोबांचं नाव सापडलं नाही म्हणून निराश होणारेही पुष्कळ. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक नसतंच. बापाचं नाव, जात, तारीख आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी', एवढंच. तेव्हा शोधायचं ते पणजोबांना.

फेरफार मात्र घाईने वाचू नका. समजा ओळ अशी आहे: "रामा बिन सखाराम, अ.पा.क. आई सगुणा कोम सखाराम". बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. आता बघा, या एका ओळीत किती गोष्टी आल्या. नोंद वारसाची असेल तर सखाराम तोवर वारला होता, रामा सज्ञान नव्हता, आणि वंशावळीत कधीच न येणारी पणजी इथे नावानिशी सापडली. फेरफाराची तारीख घेऊन त्याच्या आधीच्या दोन-चार वर्षांचं कोतवाल बुक मागा. सखारामाचा मृत्यू तिथे मिळण्याची शक्यता बरीच.

सालांचा घोळ सर्वांत जास्त दमवतो. शके असेल तर 78 मिळवा, पण जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथीला 79. संवत्सराचं नाव दिलं असेल तर तेही पंचांगातून पडताळा, नकलकाराने आकडा चुकवला असेल तर तिथे कळतं. फसलीत, म्हणजे महसुली सालात, 590 किंवा 591 मिळवायचे. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण 1172. सुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून डिसेंबरपर्यंत 599 आणि त्यानंतर 600 मिळवायचे. हा कागद मृग 1771 ते मृग 1772 मधला.

मोडी येत नसेल तर जाणकार आधी गाठा, तिथे गेल्यावर नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्दही तोडलेले नसतात. त्यामुळे नवशिका गावाच्या नावाचं शेपूट माणसाच्या नावाला जोडून मोकळा होतो. गावाची आणि शेजारच्या गावांची नावं मोडीत गिरवून गेलात तरी निम्मं काम होतं. पेन्सिल न्या, कागदाजवळ पेन नको. आणि बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय कृपा करून घरी ठेवा.

दफनभूमीत वेगळ्या चुका होतात. मुंबईतल्या कॅथलिक चर्चच्या आवारात जागा अपुरी, म्हणून थडगी ठरावीक काळाने पुन्हा वापरली जातात. शिळा दिसली नाही तर परत फिरू नका, पॅरिशचं, म्हणजे त्या चर्चच्या धर्मग्रामाचं, दफन रजिस्टर विचारा. बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, थडग्यांवर मराठी आणि हिब्रू असे दोन्ही लेख आढळतात. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावं घेऊन बाहेरदेशातून रायगडात येणाऱ्यांनी दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा. हिब्रू सालातून 3760 वजा केले की इसवी सन निघतो, हिब्रू नववर्षापासून डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर 3761. अक्षरं उठत नसतील तर ॲसिड, तारेचा ब्रश, खडू यांतलं काही लावायचं नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, किंवा आरशाने बाजूने ऊन पाडा.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा तर खजिनाच. तिथेही पहिला प्रश्न मूळ गावाचाच, कारण गावं उपाध्यायांत वाटलेली असतात; घाटावर भेटेल त्याच्यामागे जाऊ नका, आपल्या गावचे उपाध्ये कोण ते विचारत जा. पितृपक्षात आणि 2027 च्या सिंहस्थात पर्वस्नानांच्या सुमाराला वही उघडून बसायला कुणाला सवड नसते. लेखात बहुतेक पुरुषांचीच नावं असतात, तेव्हा बायकांसाठी फेरफारावरच भिस्त ठेवा. दक्षिणा किती आणि पानाचा फोटो काढू देणार का, हे वही उघडण्याआधी बोलून घ्या.