सातारा-सांगलीच्या पाण्यातले पारदर्शक प्राणी कसे पाहावेत

पारदर्शक प्राणी म्हटलं की मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला काचबेडूक नाहीतर खोल समुद्रातले जीव आठवतात. पण ज्यांच्या अंगातून आरपार दिसतं असे प्राणी आपल्या विहिरीत, शेततळ्यात आणि कृष्णेच्या काठाला भरपूर आहेत. ते नजरेला पडत नाहीत याचं मुख्य कारण उजेड. तो नीट जमला की बाकीचं सोपं आहे.

कुठलीही वस्तू दिसते, कारण ती प्रकाश अडवते, परतवते किंवा विखुरते. या प्राण्यांचं शरीर प्रकाशाला जवळजवळ पाण्याइतकंच वाकवतं, त्यामुळे किरण न अडखळता पार जातात. दोन अवयव मात्र लपत नाहीत. डोळ्याला बघायचं तर प्रकाश अडवावाच लागतो, आणि पोटात गेलेलं अन्न काही पारदर्शक होत नाही. म्हणून आख्खा प्राणी शोधत बसू नका. हलणारा काळा ठिपका आणि त्यामागची हिरवट रेघ शोधा.

सामान घरातलंच: मुरांब्याची काचेची बरणी, बादली, दोरी, काळा कार्डपेपर, टॉर्च आणि जमल्यास दहापट मोठं दाखवणारं भिंग. सुरुवात हिरवट पाण्याच्या शेततळ्यापासून करा. तळ्याला प्लास्टिकचं अस्तर असेल तर आत उतरायचं नाही, कडेवरही जायचं नाही. त्यावर पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, आणि असे जीव गेलेले आहेत. कुंपणाबाहेरून दोरी बांधलेली बादली टाका. बरणी भरून घरी आणा, पाच मिनिटं स्थिर ठेवा, खोलीतले दिवे घालवा, बरणीमागे काळा कागद लावा आणि टॉर्च बाजूने धरा. समोरून धरलात तर काचेची चमकच दिसेल. बाजूने धरलात की काळ्या पार्श्वभूमीवर ठिपके उजळून उड्या मारू लागतील.

झटके देत वर-खाली करणारा, तीन मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका बहुधा डॅफ्निया किंवा तिची भावंडं. पिसवेसारख्या उड्या मारत असली तरी ती कीटक नव्हे, झिंग्या-खेकड्यांच्या गोतातली. ड्रॉपरने एक थेंब काचपट्टीवर घ्या आणि भिंगातून सावकाश बघा, इथे घाई करू नका. डोक्यात एकच काळा डोळा सारखा थरथरत असतो. आतडं शेवाळाने हिरवं भरलेलं असतं. पाठीच्या बाजूला, डोक्याच्या जरा मागे, हृदय धडधडताना दिसतं, मिनिटाला 200च्या वर ठोके. त्याच्या खालच्या पिशवीत अंडी किंवा पिल्लं असतील, तर पिल्लांचे डोळेही दिसतात. अनुकूल दिवसांत नराशिवायच माद्यांना मुली होत राहतात.

या आरपार शरीराने वैद्यकशास्त्राला मोठा हात दिला. रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी 1884 मध्ये पाहिलं, की जिवंत डॅफ्नियाच्या अंगात शिरलेल्या बुरशीच्या बीजाणूंना तिच्या रक्तातल्या पेशी गिळून टाकतात. रोगप्रतिकाराच्या या कामासाठी त्यांना 1908 चं नोबेल विभागून मिळालं. शेतकऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. कीटकनाशकांना डॅफ्निया इतकी हळवी असते की रसायनांच्या विषारीपणाची चाचणी जगभर तिच्यावर करतात. फवारणीचं पाणी उतरतं अशा तळ्यात ती सापडण्याची आशा कमीच.

विहिरीच्या पाण्यात सायक्लोप्स हा ठिपक्याएवढा प्राणी भेटेल: नासपतीच्या आकाराचा, एकाक्ष, मादीच्या शेपटीजवळ अंड्यांच्या दोन थैल्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नारू या रोगाबद्दल विचारा. नारूची अळी सायक्लोप्सच्या पोटातून, प्यायच्या पाण्याबरोबर माणसात जायची. म्हणूनच पाणी कापडाने गाळून पिण्याचा आग्रह होता. 2000 साली भारत नारूमुक्त ठरला. तपासायचं पाणी पिऊ नका आणि हात धुवा, एवढं बास.

पाण्याजवळ जाणं जमत नसेल तर घरातली पाल आहेच. रात्री खिडकीच्या काचेवर ती बाहेरून बसली की आतून तिच्या पोटाकडे बघा. मादी गाभण असेल तर पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी स्पष्ट दिसतात. दिवसा कालव्याकाठच्या बेशरमीची पानं चाळा. तिथल्या कासवभुंग्याच्या कवचाची कड इतकी पारदर्शक असते की खालचं पान दिसतं.

नदीतला काचमासा म्हणजे चंदा नामा आणि त्याच्या जवळची पॅरांबॅसिस रंगा ही जात. जाळं झटकणाऱ्या कोळीदादांना विनंती करा, नदीचंच पाणी भरलेल्या बरणीत एखादा जिवंत मासा घ्या. कण्याचे मणके मोजता येतात, पोटावर मात्र चंदेरी पडदा असतो. बघून झालं की लगेच सोडा. याच माशांना सुईने रंग टोचून ‘डिस्को फिश’ म्हणून विकतात. कृपा करून ते विकत घेऊ नका, टोचण्याने मासे आजारी पडतात. आणि पलूस, भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, तिथे पाण्याशी वाकून बसायचं नाही.

पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर खडकातल्या उथळ डबक्यांत परीझिंगे (फेअरी श्रिंप) येतात. ते उताणे पोहतात, आणि त्यांची अंडी कोरड्या मातीत पुढच्या पावसाची वाट बघतात. कास पठारावर ते फक्त डोळ्यांनी बघायचे. डबक्यात हात, पाय, बरणी काही नको.

सगळ्यात दुर्मीळ गोष्ट सातारा जिल्ह्याचीच आहे. ती म्हणजे गोड्या पाण्यातला पारदर्शक जेलीफिश, लिम्नोक्निडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तो फक्त आफ्रिकेतून माहीत होता. शास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांना त्याचा भाऊबंद इथे, कृष्णेच्या उपनद्यांत सापडला, आणि 1912 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी त्याचं लिम्नोक्निडा इंडिका या नावाने वर्णन केलं. कोयना आणि वेण्णा या त्या नद्या. पुढे दोन्हींवर धरणं झाली. तरी उन्हाळ्याच्या शेवटी, प्रवाह मंदावून डोह उरतात तेव्हा शोधून बघायला हरकत नाही. धरणातून पाणी सोडण्याची सूचना आधी विचारा आणि एकटे जाऊ नका. सूर्य बाजूला ठेवून, डोहाच्या काळ्या तळाकडे रोखून बघा. उघडझाप करत वर येणारी, नाण्याएवढी, कडेला धागे असलेली छत्री दिसली तर पकडू नका. व्हिडिओ काढा, तारीख, वेळ आणि जागा टिपून ठेवा, आणि ते पुण्यात आकुर्डीला असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्राला पाठवा.