बंद पडलेला रहवासी संघ पुन्हा कसा उभा करावा

रहवासी संघ बंद पडला की पहिला सल्ला ठरलेला असतो: सभा बोलवा आणि नवी कार्यकारिणी निवडा. इंदूरच्या पश्चिम भागातील आमच्या कॉलनीत मी हा सल्ला एकदा मानला आणि चार महिन्यांत नवी कार्यकारिणीही थंडावली. त्यानंतर आणखी दोन वस्त्यांत हे काम केल्यावर माझे मत पक्के झाले की सभा सर्वांत शेवटी घ्यावी आणि सुरुवात जुन्या पावतीपुस्तकांपासून करावी.

पंजीयन (नोंदणी) प्रमाणपत्र, नियमावली, ठराववही आणि पासबुक आधी एकत्र करा. खात्यात दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नसेल, तर बँक ते निष्क्रिय ठरवते. ते पुन्हा सुरू करता येते, परंतु त्यासाठी केवायसीची कागदपत्रे लागतील.

आता पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींकडे वळा. त्या जुन्या कोषाध्यक्षांच्या घरी असतात आणि त्या मागण्याची रीतही महत्त्वाची आहे. ‘हिशेब द्या’ असे म्हणालात तर दार बंद होईल. ‘काका, तुम्ही इतकी वर्षे सांभाळले, आता आम्हाला समजावून सांगा’ असे म्हणून त्यांच्यासमोर बसा, पुस्तके तिथेच पाहा आणि ती नेताना पोच लिहून द्या. नंतर प्रत्येक घराची शेवटची पावती कोणत्या महिन्याची आहे, याची एक यादी करा. कोण केव्हा दुरावले आणि त्या सुमारास संघात काय घडले होते, हे ठरावांच्या तारखांशी ताडून पाहिले की दिसू लागते.

आमच्या यादीत सिंधी, बोहरा आणि मल्याळी कुटुंबांच्या पावत्या एकाच वर्षी, काही आठवड्यांच्या अंतराने थांबलेल्या दिसल्या. त्याच वर्षी बोअरवेलच्या मोटारीसाठी जमवलेल्या पैशांतून गणेशोत्सवाचा मांडव घातला गेला होता. त्या ठरावावर माझीही सही होती. आम्हा मराठी घरांना त्यात काही वावगे वाटले नाही, कारण उत्सव सगळ्यांचाच आहे असे आम्ही धरून चाललो होतो. ज्यांना वाटले, त्यांनी भांडण केले नाही. त्यांनी वर्गणी थांबवली आणि भेटल्यावर पूर्वीसारखेच हसून बोलत राहिले. त्या हसण्यावर विसंबून आम्ही काही वर्षे ‘लोकांना आस्थाच नाही’ असे म्हणत होतो. हे निदान चुकीचे होते आणि त्या कुटुंबांवर अन्याय करणारे होते, हे मी आजही मनापासून मानतो.

म्हणून यादी हाती घेऊन दुरावलेल्या प्रत्येक घरी जा. दोघांनी जावे, त्यांपैकी एक जण मराठी नसावा, आणि मागची वर्गणी मुळीच मागू नये. ‘अमुक महिन्यापासून तुमची पावती नाही, तेव्हा आमच्याकडून काय चुकले?’ एवढेच विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे. पहिल्या भेटीत बहुधा ‘वेळ मिळत नाही’ असे सांगितले जाते. खरे कारण दुसऱ्या भेटीत कळते, म्हणून एका फेरीवर समाधान मानू नका. उलट बाजू मांडण्याचा मोह आवरा. मी एका घरी मांडवाचे समर्थन करू लागलो आणि ते घर पुढे वर्षभर बोलले नाही.

या फेऱ्यांनंतर दोन गोष्टी लेखी ठरवून सर्वांना दाखवा: कोणत्याही धर्माच्या उत्सवाचा पैसा संघाच्या खात्यात येणार नाही आणि संघाचा पैसा उत्सवाकडे जाणार नाही. उत्सवासाठी वेगळी समिती आणि वेगळे पावतीपुस्तक असावे. यावर ‘आपल्याच गणपतीला विरोध का?’ असा प्रश्न आपलेच लोक विचारतील. तरीही इथे तडजोड करू नये.

सभेपूर्वी एक लहान काम पूर्ण करा. आमच्याकडे बॅकलेन, म्हणजे घरांच्या मागची गल्ली, मोकळी करून घेतली, कारण तिचा उपयोग प्रत्येक घराला होता.

आता सभा घ्या. तिची भाषा हिंदी असावी. इतिवृत्तही हिंदीतच लिहावे. इंदूरच्या अनेक भागांत नळाला नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे नळाची वेळ टाळावी. त्याचप्रमाणे रमजानची संध्याकाळ, पर्युषणाचे दिवस आणि रविवारची प्रार्थनेची सकाळही टाळावी. विषयपत्रिकेत पहिला विषय जुना हिशेब असावा, निवडणूक त्यानंतर. रक्कम जुळत नसेल तर किती जुळत नाही ते आकड्यात सांगून नोंदवावे, लपवू नये. कोषाध्यक्ष बहुसंख्य समाजाबाहेरचा असावा, असा माझा आग्रह असतो.

संघ १९७३ च्या मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली नोंदलेला असेल, तर नव्या कार्यकारिणीची यादी आणि राहिलेल्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब पंजीयन कार्यालयात दाखल करावेत आणि त्यांची एक प्रत कॉलनीच्या फाटकावर लावावी.