एकच सायकल ठेवायची? मग या चुका टाळा

रेसर (बारीक टायरची, वेगाची), एमटीबी (जाड टायरची, खडकाळ वाटांची) आणि हायब्रिड (दोन्हींच्या मधली). घरात तिन्ही असल्या की ठेवली जाते ती सगळ्यात महागडी, आणि पहिली चूक इथेच होते. जुन्या रेसरमध्ये बहुधा २८ मिमीपेक्षा जाड टायर बसत नाही. कॅरियरसाठी आटे नसतात, त्यामुळे भरताच्या वांग्यांची पिशवीही हँडललाच लटकवावी लागते. ठेवायची ती फ्रेम जिच्यात ३८ ते ४२ मिमीचा टायर मोकळा फिरेल, जिला कॅरियर-मडगार्डसाठी ५ मिमीच्या बोल्टचे आटे असतील. बहुतेक वेळा ती बिनसस्पेन्शनची, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंग नसलेली हायब्रिडच निघते.

टायर मागताना नुसतं "२८ चा द्या" म्हणू नका. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा २८ × १ १/२ टायर ६३५ मिमीच्या रिमवर बसतो, हायब्रिडचा ७००सी मात्र ६२२ च्या. दुकानात दोघांनाही "२८ च" म्हणतात. टायरच्या कडेला ४०-६२२ असा आकडा असतो (आधी टायरची जाडी, मग रिमचं माप), तो वाचूनच पैसे द्या. २९ इंची एमटीबीचा रिमही ६२२ चाच, म्हणून तिचा टायर बसेल असं वाटतं. पण त्याची जाडी फ्रेमला घासते.

काळ्या मातीसाठी खोल नक्षीचा टायर घेणं म्हणजे पैसे वाया. ओल्या चिखलात कुठलीच नक्षी टिकत नाही, दहा फुटांत ती भरून गुळगुळीत होते. खरी अडचण जागेची. टायर आणि मडगार्ड यांच्यात बोट जात नसेल, तर पावसाळ्यात गाडवाटेवर चाक जाम होणारच. जुलै-ऑगस्टमध्ये शिवारात जायचं असेल तर मडगार्ड काढून ठेवा. डांबरी रस्त्यापुरतं जायचं असेल तर राहू द्या.

बाभळीचा काटा लागला की ट्यूब बदलतात आणि किलोमीटरभरात पुन्हा पंक्चर. कारण काट्याचं टोक टायरमध्येच मोडलेलं असतं. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. ते चिमट्याने आतून ओढून काढा. ट्यूबलेस (बिनट्यूबची) केली असेल तर जळगाव-भुसावळच्या उन्हात सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक बुजवणारं द्रव, लवकर वाळतं. ४० मिमीच्या टायरला साधारण ६० मिली लागतं. मार्च ते जूनमध्ये दर दोन महिन्यांनी तपासा.

बाकीच्या सायकलींचे भाग ठेवलेल्या सायकलवर चढवताना जास्त बिघडतं. रेसरचा मागचा हब (चाकाचा मधला भाग) १३० मिमी, हायब्रिडच्या फ्रेममधली त्याची जागा बहुधा १३५. ॲल्युमिनियमची फ्रेम आवळून दाबू नका, तडा जातो. रेसरचे ब्रेक-लिव्हर हायब्रिडच्या व्ही-ब्रेकला (रिमला दोन लांब हातांनी दाबणारा ब्रेक) जोडले तर केबल कमी खेचली जाते आणि लिव्हर हँडलला टेकतो. पेडल काढताना डावीकडचे आटे उलटे असतात, हे विसरून क्रँक (पेडलचा दांडा) खराब करणारे कमी नाहीत.

तोरणमाळ किंवा कन्नड घाटासाठी पुढे ३४ आणि मागे ३४ दाते ठेवा. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा. फक्त मागची कॅसेट (दात्यांच्या चकत्यांचा संच) मोठी करून जुनी चेन तशीच ठेवली, तर पुढची-मागची दोन्ही मोठी चकती लावताच चेन ताणते आणि डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, वाकतो. चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या-मागच्या सगळ्यात मोठ्या चकत्यांवर गुंडाळा. दोन्ही टोकं जुळतात तिथपासून पुढे आणखी दोन कड्या, म्हणजे एक इंच ठेवून चेन तोडा. डिरेलर ३४ दाते झेपणारा आहे का, हे आधीच बघा.

विकायची घाई करू नका. जी सायकल अंगाला बसली होती, तिची दोन मापं आधी टेपने घ्या: क्रँक ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत, आणि सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत. तीच ठेवायच्या सायकलवर लावून महिनाभर चालवा, मग बाकीच्या विका. विकताना क्रँकखाली कोरलेला फ्रेम नंबर पावतीवर लिहून त्याचा फोटो ठेवा.