घनफळ शिकवायचंय? मुलांना विटा मोजून द्या

गणिताचे गेम म्हणून जे मिळतं, त्यात बहुतेकदा राक्षस मारायला सातचा पाढा म्हणावा लागतो. ज्यांना पाढा येतो तेच राक्षस मारतात, बाकीचे आधीसारखेच मागे. त्या फंदात पडू नका. ज्या खेळात गणित चुकलं की भिंत अपुरी राहते, तो खेळ घ्या.

मी लुआंटी वापरते. पूर्वी याचंच नाव माइनटेस्ट होतं, 2024 मध्ये बदललं. माइनक्राफ्टसारखाच ठोकळ्यांचा खेळ, पण फुकट आणि शाळेतल्या जुन्या संगणकांवरही चालणारा. लुआंटी हे नुसतं इंजिन आहे, म्हणजे खेळ चालवणारा सांगाडा; आतला 'माइनटेस्ट गेम' वेगळा उतरवून घ्यावा लागतो. सपाट जमिनीचं जग निवडा, एका संगणकावर सर्व्हर चालू करा, बाकीचे लॅनवर, म्हणजे शाळेतल्या आपसातल्या जोडणीवर, जोडा. तासाला इंटरनेट लागत नाही. एका संगणकावर दोन मुलं.

काम असं द्या: आतून 4 मीटर लांब, 3 रुंद, 2 खोल अशी उघडी टाकी बांधायची. खेळातला एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर. भिंती एका विटेच्या जाडीच्या आणि तळही विटांचाच, हे फळ्यावर लिहा. नाहीतर कुणीतरी जमिनीत खड्डा खणून "बाई, शून्य विटा!" म्हणतं, आणि त्याचं काही चुकलेलं नसतं.

आता खरी अडचण. पहिल्या वर्षी मी क्रिएटिव्ह मोड चालू ठेवला होता. त्यात विटा कधी संपत नाहीत. पोरांनी टाक्या बांधल्या, वर मनोरे चढवले, तास संपला. किती विटा लागल्या विचारलं तर एकालाही सांगता येईना. कसं सांगणार? मोजायची गरजच पडली नव्हती. वर्ग रंगला म्हणून मी खूश होते, आणि चाचणीत घनफळाचं उत्तर चौरस सेंटिमीटरमध्ये आलं.

तेव्हा क्रिएटिव्ह मोड बंद. आधी प्रत्येक जोडीने वहीत विटांचा आकडा लिहायचा, संगणकाला हात नाही. जो आकडा वहीत, तेवढ्याच विटा तुम्ही सर्व्हरवरून गिव्हची आज्ञा देऊन द्यायच्या. सोबत एक पोलादी कुदळ, कारण वीट हाताने फुटत नाही. कमी पडल्या तरी लगेच वाढवून देऊ नका. मुलं गयावया करतील, तरी नाही. त्यांना एवढंच म्हणा: वही दाखवा, चूक सांगा, मग घ्या.

कुणी 24 लिहितं. त्यात तळसुद्धा पुरा होत नाही, कारण तळालाच 6 × 5, म्हणजे 30 लागतात. आतलं माप आणि बाहेरचं माप वेगळं, हे मी पाच वेळा सांगून जे कळत नव्हतं ते तिथे कळतं. पण माझी आवडती चूक 74 ची. बाहेरची परिमिती 22, दोन थर म्हणून 44, अधिक तळाचे 30. हिशोब बिनचूक दिसतो. टाकी पूर्ण होते आणि हातातल्या विटांच्या चित्रावर 8 चा आकडा तसाच उरतो. एका जोडीने टाकीभोवती तीन चकरा मारल्या. मग त्यातली मुलगी कोपऱ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "ही वीट आपण दोन्ही भिंतींत धरली ना?" चार कोपरे, दोन थर. आठ. त्या वेळी तोंड बंद ठेवणं हेच तुमचं काम. मला ते जमायला दोन वर्षं लागली.

ज्यांचा हिशोब जमला त्यांना फळ्यावर मांडायला लावा: बाहेरची इष्टिकाचिती 6 × 5 × 3, म्हणजे 90. त्यातून 24 वजा, विटा 66. पाणी 24 हजार लिटर.

पुढच्या तासाला आतली तिन्ही मापं दुप्पट करा. बहुतेक वह्यांत 132 विटा आणि 48 हजार लिटर येईल. काही न बोलता 132 विटा देऊन टाका. लागतात 208, आणि पाणी मावतं 1 लाख 92 हजार लिटर.